पाचच जोड्या

देहूरोडच्या फलाटावर लोणावळा लोकलची वाट बघत तुम्ही वहीचं ते पान पुन्हा उघडता. मावळातली पाच शेतं. प्रत्येक शेतात शेजारशेजारची दोन भातखाचरं. एकात नेहमीसारखी लावणी, दुसऱ्यात दोरी धरून नेमक्या अंतरावर. दोन्हींच्या उत्पन्नातला फरक, गुंठ्याला किलोत: ४, उणे १, ३, १, ३. सरासरी दोन किलो, नव्या पद्धतीच्या बाजूने. हंगामभर चिखल तुडवून हाती लागलं ते एवढंच. गाईडनी पान बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पाचच? अहो, निदान तीस तरी पाहिजेत." तीसच का, एकोणतीस का नाहीत, हे विचारायची सोय नव्हती.

लोकल येते. खिडकी मिळते, हेच मुळात नवल. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव ही स्टेशनं नेहमीच्या क्रमाने मागे पडतात; सालं मात्र उलटी सरकू लागतात. समोरच्या माणसाच्या हातातला मोबाइल आधी बटणांचा होतो, मग हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र उरतं.

वडगावला तुम्ही उतरता ते १९८७ मध्ये. इथल्या भात संशोधन केंद्राचा नवा वाण याच साली बाहेर पडलाय. आंबेमोहोराचा वास आणि आयआर ८ चा आटोपशीर बांधा एकत्र आणण्याच्या खटपटीतून निघालेला, नाव इंद्रायणी. वीस वर्षांनी पुण्यातल्या प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात याच नावाच्या पोत्यांची थप्पी लागणार आहे, हे इथे कुणाला ठाऊक नाही. तुमचं लक्ष मात्र बांधावरच्या पाट्यांकडे. एकेका वाणाची तीन-चार खाचरं, चिठ्ठ्या टाकून विखुरलेली. म्हणजे इथेही आकडे तीन-चारच! तुम्हाला जरा हुरूप येतो. पण फार वेळ टिकत नाही. कुठलाही वाण शेतकऱ्याच्या हाती जाण्याआधी असे प्रयोग कित्येक हंगाम आणि कित्येक ठिकाणी पुन्हा लावावे लागतात. एकाच बांधाआडची चार खाचरं म्हणजे चार साक्षीदार नव्हेत, एकाच घरातली चार माणसं ती. एक बोलला की बाकीचे माना डोलावणार. त्यांच्यावर पाऊस एकच पडला, कीडही एकच आली. तुमच्या पाच जोड्या निदान पाच वेगळ्या गावांतल्या आहेत. पाऊस मात्र एकाच वर्षाचा.

परतीच्या गाडीने तुम्ही देहूरोडला पोचता आणि फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. तारीख २५ डिसेंबर १९५४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची आज इथे स्थापना करताहेत. माणसं पायी, बैलगाड्यांतून, लष्कराच्या डेपोत काम करणाऱ्यांच्या वस्त्यांतून लोटलेली. बायकांच्या अंगावर ठेवणीतली पांढरी लुगडी. किती लोक असतील? तुमच्यातला संशोधक गप्प बसत नाही. मंडपाजवळ एक लहानसा चौकोन मनाशी आखून तुम्ही डोकी मोजता आणि मैदानाने गुणता. गुणाकार बरोबर, उत्तर भरमसाट. कारण तुम्ही उभे आहात तिथेच दाटी सगळ्यात जास्त आहे. मंडपाशेजारी असे शंभर चौकोन मोजले असते तरी उत्तर तेवढंच भरमसाट राहिलं असतं, वर ते जास्त खात्रीने सांगितलं असतं.

नमुना लहान असण्याचं दुःख एक आणि तो कलता असण्याचं दुःख निराळं. पहिल्यावर इलाज आहे आणि तो गणितात आहे. दुसऱ्यावर गणित काही करू शकत नाही. शोधप्रबंधांच्या तोंडी परीक्षेत मात्र पहिल्याचाच दंगा असतो.

याच १९५४ साली या विषयावरची दोन पुस्तकं छापून झाली आहेत, आणि दोन्हींवर एक मराठी नाव आहे: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. एक नमुना-पाहणीच्या सिद्धांतावरचं, त्यांचं एकट्याचं. दुसरं विनायक गोविंद पानसे यांच्यासह लिहिलेलं, शेतीत काम करणाऱ्यांसाठीचं. कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान् पिढ्यांनी ते "पानसे-सुखात्मे" या जोडनावानेच ओळखलं, पुस्तकाचं खरं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

या दोघांचं कलकत्त्याशी झालेलं भांडण बघायचं तर आणखी मागे जावं लागतं. १९४६ च्या दिवाळीनंतर तुम्ही मावळातल्याच एका भाताच्या शेतात उभे आहात. बंगालच्या दुष्काळाला तीन वर्षं झालीत. देशात धान्य किती पिकतं हे सरकारला नीट माहीत नाही. पाटील-तलाठ्यांच्या "आणेवारी"च्या अंदाजावर कारभार. शेतात जाऊन ठरावीक तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा आणि त्यावरून तालुक्याचं पीक काढायचं, हा त्यावरचा उपाय. पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हाच. प्रश्न एवढाच, की तुकडा केवढा कापायचा?

कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं म्हणणं, छोटे गोल तुकडे कापा, पण पुष्कळ ठिकाणी कापा. एका शेतातल्या दोन कोपऱ्यांपेक्षा दोन शेतांत फरक जास्त असतो, तेव्हा एकाच शेतात राबण्यापेक्षा जास्त शेतं गाठलेली बरी. म्हणणं चुकीचं नाही. दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत बसलेले सुखात्मे आणि इंदूरचे पानसे यांचं म्हणणं, तुकडा मोठा हवा: तेहतीस फूट बाय साडेसोळा फूट, एकराचा ऐंशीवा भाग. लहान तुकड्यांत उत्पन्न फुगून दिसतं, हे सुखात्म्यांनी त्याच १९४६ साली 'नेचर' नियतकालिकात लिहिलं.

फुगतं कसं, ते तुम्हाला आत्ता दिसणार आहे. मधोमध खुंट, त्याला दोन फुटांची सुतळी, आणि कापणीला आलेले मामा विळा घेऊन वर्तुळ फिरवताहेत. एक चूड नेमका सुतळीखाली येतो. अर्धी रोपं आत, अर्धी बाहेर, लोंब्या दाणेदार.

"हा आत की बाहेर, मामा?"

"दोरीखाली तर हाय. ऱ्हाऊ द्या की आत. चांगलं भरलंय, सोडायचं कशाला?"

पुढचा चूड किडका, फोलाचा. तोही सुतळीखालीच. मामा बघतात आणि विळा आतल्या अंगाने काढतात. यात लबाडी कुठेच नाही. भरलेलं भात हाताला लागलं की माणूस ते घेतो, झालं. आता हिशोब करा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र साधारण साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट: दर चौरस फुटामागे फूटभर कड, म्हणजे फूटभर मोह. तेहतीस बाय साडेसोळाच्या तुकड्याला ५४४.५ चौरस फुटांमागे ९९ फूट कड. दर चौरस फुटामागची कड साडेपाच पटीने कमी. तुकडा लहान केला की आत-बाहेरच्या कज्ज्याचं वजन वाढतं, आणि कज्जा नेहमी एकाच बाजूने सुटतो. महालनोबिसांचं उत्तर होतं की माणसं नीट शिकवलेली असली, हत्यार चोख असलं, की एवढं फुगत नाही. तेही खरं असेल. पण तालुक्या-तालुक्यात तलाठी आणि मामाच असणार, हे पानशांना जास्त चांगलं ठाऊक असावं असं मला वाटतं.

तुम्ही वहीत बघता. तुमच्या खाचरांची कापणी कुणी केली होती? आणि बांधालगतचे चूड?

गाडी आणखी मागे. १९४३. पुन्हा देहूरोड, पण तारेच्या कुंपणाचं, पहाऱ्याचं. युद्धासाठी लष्कराने डेपो उभारलाय, रात्री दिवे झाकलेले असतात. दारूगोळ्याचा हिशोब भातासारखा नसतो. भात तोललं तरी ते भातच राहतं. गोळा वाजतो का हे बघायला तो वाजवावाच लागतो, आणि वाजला की तो खर्ची पडला. सगळा लॉट तपासला तर लढायला काय उरलं? इथे लहान नमुना ही गरिबी नाही, सक्तीच आहे.

नेमक्या याच वर्षी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या युद्धकालीन संख्याशास्त्र गटात हाच प्रश्न आलाय. नौदलाचा एक अधिकारी कुरकुरला होता: अनुभवी माणसाला निम्म्या चाचणीतच कळतं की लॉट चांगला की वाईट, तरी नियमाप्रमाणे उरलेले गोळे फुकट उडवत बसायचं. त्यावर अब्राहम वाल्ड यांनी रीत काढली. एकेक गोळा तपासा. प्रत्येक निकालानंतर पुरावा एका पट्टीवर वर-खाली सरकतो. वरची रेघ ओलांडली की लॉट नापास, खालची ओलांडली की पास, दोन्हींच्या मध्ये असेल तर आणखी एक. बऱ्याचदा निम्म्याच गोळ्यांत काम भागतं. युद्धात ही रीत गुप्त ठेवली गेली. वाल्ड पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी इकडे आले आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान कोसळून पत्नीसह गेले.

मग आपणही एकेक जोडी वाढवत जाऊ, बरा निकाल दिसला की थांबू? इथेच पाय घसरतो. वाल्डच्या रेघा पहिला गोळा उडवण्याआधी आखलेल्या होत्या, आणि त्या प्रत्येक डोकावण्याची किंमत धरून आखलेल्या होत्या. तुम्ही साध्या परीक्षेतच डोकावत राहिलात, "शंभरात पाच" एवढी चूक चालेल म्हणून दर वेळी तीच पट्टी लावलीत, तर पाच वेळा डोकावल्यावर उगाचच्या यशाची शक्यता शंभरात चौदाच्या घरात जाते. "अजून दोन घालून बघा" हा आपल्याकडच्या प्रयोगशाळांतला लाडका सल्ला आहे. देणाऱ्याला वाटतं तो कष्ट करायला सांगतोय.

यानंतर गाडी थांबते ती थेट लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर. १९३५. युनिव्हर्सिटी कॉलेज. जुने कार्ल पिअर्सन दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांच्या खात्याची वाटणी झाली, मराठी माणसाला सांगायला नको अशी. एका बाजूला पोरगा एगॉन पिअर्सन, दुसऱ्या बाजूला रोनाल्ड फिशर, इमारत एकच. चहाची खोलीही एकच. चार वाजता पिअर्सनची माणसं हिंदुस्थानी चहा पिऊन जायची, मग साडेचारला फिशरची मंडळी चिनी चहा घ्यायला यायची, अशी आठवण सांगितली जाते. एगॉनच्या बाजूला पोलंडचे जर्झी नेमनही आलेत.

आणि इथे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेला, फर्ग्युसनमधून आलेला चोवीस वर्षांचा सुखात्मे आहे. समोर ब्रन्सविगा: पितळी आकड्यांचं, हँडल फिरवून चालणारं गणनयंत्र. बेरजेला एक फेरा, गुणाकाराला अनेक. दुपारभर नुसता खडखडाट. नेमनने आदल्या वर्षी दाखवलं होतं, की लोकसंख्येचे गट पाडले तर ज्या गटात चढउतार जास्त, तिथून जास्त नमुने घ्यावेत. छान. पण चढउतार किती हे मोजल्याशिवाय कळणार कसं, आणि ते कळल्याशिवाय मोजायचं किती? सुखात्म्याने १९३५ च्या लेखात दाखवलं की आधी एक लहानसा चाचपणीचा नमुना घेतला आणि त्यावरून ओबडधोबड अंदाज केला, तरी बहुतेक वेळा नेमनच्या वाटपाचा बराचसा फायदा हाती लागतो. आज प्रत्येक संशोधन प्रस्तावात "पायलट स्टडी" म्हणून एक परिच्छेद असतो, त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

पुढे त्याने आणखी चिकट काम अंगावर घेतलं. दोन गट, दोन्ही लहान, आणि दोन्हींतला चढउतार सारखा नाही. उदाहरणार्थ सात रुग्ण एका औषधावर, नऊ दुसऱ्यावर. सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग? बेहरेन्स या जर्मन माणसाने १९२९ मध्ये मांडलेली आणि फिशरने उचलून धरलेली रीत होती, पण तिचे तक्ते नव्हते. ते सुखात्म्यांनी केले. छापले १९३८ मध्ये 'संख्या'त, महालनोबिसांच्याच नियतकालिकात, ज्यांच्याशी आठ वर्षांनी भाताच्या तुकड्यांवरून वाजणार होतं. तक्ते नंतर फिशर आणि येट्स यांच्या प्रसिद्ध संग्रहातही गेले. त्या रीतीवरून नेमनपंथी आणि फिशरपंथी शेवटपर्यंत भांडले. आज बहुतेक लोक वेल्चची पद्धत वापरतात, तोही याच इमारतीतला.

तुमच्या जोड्यांना हे काही लागत नाही. जोडी लावली की दोन गटांचा प्रश्न एका रांगेचा होतो. म्हणून फिशरच्या याच साली निघालेल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकातली युक्ती तुम्ही वहीच्या मागच्या पानावर करून बघता. समजा लावणीने काहीच फरक पडत नाही. मग ४, १, ३, १, ३ या आकड्यांपुढची अधिक-उणे चिन्हं निव्वळ नाणेफेक. पाच नाणी, बत्तीस शक्यता. तुमची बेरीज १०. दहा किंवा जास्त बेरीज किती वेळा येते? सगळी चिन्हं अधिक असली तर १२. दोन एकांपैकी कुठलाही एक उणे असला तर १०. म्हणजे तीनदा. उलट बाजूच्याही तीन धरल्या तर बत्तीसात सहा. वीसात एकच्या पट्टीच्या फार लांब.

आता खरी मेख. समजा पाचही आकडे अधिक आले असते. तरी बत्तीसात दोनच, म्हणजे सोळात एक. पाच जोड्या घेऊन या युक्तीने या पट्टीवर पास होणं मुळात शक्यच नव्हतं, शेत कितीही पिकलं असतं तरी. सहा जोड्या असत्या तर निदान चौसष्टात दोनची वाट उघडी होती. हे खुंट ठोकण्याआधी कुणीतरी, दहा मिनिटं काढून, कागदावर मोजायला हवं होतं.

आणखी एकच मुक्काम. १९०७, त्याच परिसरात, पण जुन्या पिअर्सनच्या अमलात. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतला रसायनतज्ज्ञ विल्यम गॉसेट कंपनीच्या रजेवर इथे वर्षभर शिकायला आलाय. भट्टीत बार्लीच्या वाणांची तुलना करायची तर हातात आकडे चार-पाचच असतात. पिअर्सनचा कारखाना हजारांचा. एवढे लहान नमुने खोडकर दारूवालेच घेतात, अशी चेष्टा त्याने पुढे केलीही. अडचण अशी होती की चारच आकड्यांवरून चढउतार काढला तर तो स्वतःच डगमगता असतो. कधी चुकून बारीक निघतो, आणि फरक खोटाच मोठा वाटतो.

गॉसेटने गणित मांडलं आणि त्यावर विसंबून न राहता ते तपासलं. इंग्लंडमधल्या तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या मधल्या बोटाची लांबी छापील उपलब्ध होती. त्याने ती एकेका पुठ्ठ्याच्या पत्त्यावर लिहिली. तीन हजार पत्ते पिसले, एकेक काढून वहीत उतरवले, आणि चार-चारचे साडेसातशे नमुने पाडले. ज्याला आज आपण संगणकाकडून पापणी लवायच्या आत करून घेतो, ते या माणसाने हाताने केलं. सूत्र आणि पत्ते जुळले. १९०८ मध्ये लेख छापून आला, "स्टुडंट" या नावाने, कारण कंपनीला आपली गुपितं बाहेर जायला नको होती. तक्ता चारपासून दहापर्यंतच्या नमुन्यांचा. तुमचे पाच त्यात बसतात! तीस हवेत असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही.

मग लावा तुमचे आकडे. सरासरी २, प्रमाण विचलन २, ते पाचच्या वर्गमुळाने भागलं की ०.८९. भागाकार २.२४. जुन्या, मोठ्या नमुन्यांच्या तक्त्यात हे शंभरात अडीचवर जातं. नवी लावणी जिंकली. गॉसेटच्या हिशोबाने शंभरात नऊ. त्याच आकड्यांची भाषा पट्ट्याची केली तर जुना तक्ता म्हणतो, खरा फरक पाव किलो ते पावणेचार किलो. नवा म्हणतो, उणे अर्धा किलो ते साडेचार. पुरावा आहे, कौल नाही. हा दुसरा पट्टा प्रबंधात छापायला लाज वाटायचं कारण नाही. शेतकऱ्याला तोच जास्त कामाचा: नुकसान झालंच तर अर्ध्या किलोचं, फायदा कदाचित चार किलोंचा.

गॉसेटच्या लेखात आणखी एक उदाहरण आहे. दहा रुग्ण, दोन झोपेची औषधं, कुणाला किती तास जास्त झोप लागली. हिशोब चोख. पण औषधांची नावं मूळ अहवालातून उतरवताना चुकली होती, आणि फिशरने ती १९२५ च्या पुस्तकात तशीच घेतली. जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो तक्ता सोडवला. उत्तरं बरोबर, औषध भलतंच.

तुम्ही तिथल्या तिथे वहीच्या पहिल्या पानावर येता, जिथे खाचरांचे कच्चे नकाशे आहेत. नवी लावणी कुठल्या खाचरात करायची, हे पाचही गावांत ठरवलं कुणी? दोन ठिकाणी तुम्ही नाणं उडवलं होतं. बाकी तीन ठिकाणी शेताच्या मालकाने बोट दाखवलं होतं, "इकडं करा, हिकडं पाणी बरं लागतं."

वडगावला आजच्या तारखेला उतरून तुम्ही मामांच्या नातवाला गाठता. पुढच्या खरिपाला आठ जोड्या, आधी ठरवून आठच. मधेच तोलून बघायचं नाही. बांधालगतच्या दोन ओळी सोडून कापणी. आणि बाजू नाणं उडवून.

"नाणं कशाला, मास्तर? मी सांगतो ना कुठलं खाचर चांगलंय ते."

"म्हणूनच."

तो हसतो आणि खिशातून पाचाचं नाणं काढतो. "छापा आला तर पाटाकडचं?"

"आधी ते लिहून घेऊ," तुम्ही म्हणता.